रिकाम्या हातांनी या

...आणि वर मीच भांडकुदळ! अहो, तुम्हाला सांगते, जास्त मागितलं असतं तर ठीक होतं, मी तर कमी मागत होते. माझं म्हणणं एवढंच होतं, की सुट्टीत सगळे आमच्याकडे जमता ना, मग लेकीला सगळ्यांनी मिळून एकच काय ते द्या. कारण मागच्या खेपेला सासूबाई एवढा प्रवास करून, गुडघे धरत जिना चढून आल्या आणि आमच्या बाईसाहेबांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही, थेट पिशवीकडे बघून विचारलं, "काय आणलंस?" सासूबाई हसल्या. मला मात्र हसू येईना. उद्या ही मोठी होऊन माणसं पिशव्यांवरून ओळखायला लागली तर बोल कोणाला, आईलाच ना?

म्हणून घरच्या ग्रुपवर मेसेज लिहिला. शेवटी हसरा चेहरा टाकला, तो आगाऊ वाटला म्हणून काढला, तर आता मेसेजच आगाऊ वाटायला लागला... आणि तेवढ्यात गेला! नणंदबाईंचा लगेच फोन, "वहिनी, सायकल दिली तर हेल्मेट वेगळं धरायचं का गं?" नवऱ्याला विचारावं, तर त्याला दोन्ही बाजू पटतात, जन्मापासून. आणि सासूबाईंचं उत्तर काय? "एक तरी कशाला? नाहीच आणत." झालं! आता हे समजूतदारपणाने म्हटलंय की रागाने, हे कोण सांगणार? माझं म्हणणं एवढंच होतं हो, पण ते आता कोणाला ऐकू येत होतं!

आल्या. खरंच रिकाम्या हातांनी आल्या. लेकीने उजवा हात बघितला, डावा बघितला, मागे जाऊन पाठ बघितली आणि सोफ्याच्या एका टोकाला जाऊन बसली. दुसऱ्या टोकाला आजी. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारख्या दोघी! शाळा आवडते का? हो. मैत्रिणी आहेत का? हो. संपलं. एरवी सासूबाई आल्या आल्या फरशीवर बसकण मारायच्या, चिकटपट्टी दातांनी तोडायच्या, सेल उलटे घालायच्या, पुन्हा सुलटे घालायच्या, आणि तोवर ही त्यांच्या मांडीत पोचलेली असायची. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या बाईच्या मांडीपर्यंत पोरीने पोचायचं तरी कसं? मी खेळणी कमी करायला गेले आणि आजीचं खाली बसणंच बंद करून ठेवलं! माझं म्हणणं... जाऊ दे.

तशीच स्वयंपाकघरात गेले, हाताला लागला तो डाव वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सासूबाईंना दाराआड बोलावून पुढे केला.

"आई, हे द्या तिला."

त्यांनी चाचपून बघितलं. "हा तर तुझा आमटीचा डाव."

"हो."

"मग तुझा नियम?"

"घरातलाच आहे ना."

त्यांनी पुडकं पाठीमागे लपवलं. बाहेर गेल्या, फरशीवर बसल्या. लेकीने कागद टराटरा फाडला, डावाकडे बघितलं, मग आजीच्या तोंडाकडे, आणि अशी काही खिदळली की आजीलाही आवरेना. "आता मी तुला देणार!" मग काय विचारता! रद्दीचा गठ्ठा आला, दोरा आला, आणि दोघी मिळून माझं घर गुंडाळायला बसल्या. टीव्हीचा रिमोट नणंदेला, साबणाची डबी नवऱ्याला...

सगळे गेले कालच. बाहेरून एक वस्तू आलेली नाही, नियम अगदी तंतोतंत पाळलाय, तक्रारीला जागाच नाही. फक्त आज ऑफिसला निघाले तर पायात घालायला एकच चप्पल. दुसरी मला भेट मिळालीय, आणि ती म्हणे वाढदिवसापर्यंत उघडायची नाही.