काळ्या कोटाला निळा धागा

हात लावू नका त्या बल्बला! — फोटोत बरा दिसत नाही म्हणे. तो काय नवरदेव आहे बरा दिसायला? घर सजवलंत तुम्ही, आता फोटो काढायला आलात, काढा ना — हॉलमधला सोनेरी उजेड काढा, त्यात आमचे पाहुणे कावीळ झाल्यासारखे दिसतात, पण भावजय म्हणते ऊबदार वाटतं. वाटो बापडीला. स्वयंपाकघरात निळसर पांढरा लावलात, तिथे ताजी भाजीसुद्धा आजारी दिसते — आणि बाथरूममध्ये इतका मंद, की माझा धाकटा भाऊ अर्धी दाढी तशीच ठेवून ऑफिसात जातो. साहेब आहे, कोण बोलणार! हसू नका. प्रत्येक खोलीला स्वभाव असतो, असं तुम्हीच म्हणाला होतात ना, वही उघडून? मग या खोलीत बसून मी काय करते ते विचारलंत? नाही विचारलंत. आता ऐका. बसा त्या पेटीवर.

मी रफू करते. तीस वर्षं झाली. उंदरानं कुरतडलेलं, सिगारेटनं जाळलेलं — असं भरून काढते, की ज्याचं कापड त्यालाही भोक सापडू नये. आणि माझ्या डोक्यावर तुम्ही लावलात मधाच्या रंगाचा दिवा! आठवड्याच्या आत वकीलसाहेबांचा काळा कोट आला — जुनं गिऱ्हाईक, बाहीला खिळा लागलेला. संध्याकाळी बसून भरला, स्वतःचीच पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी ते कोर्टात खिडकीपाशी उभे राहिले, आणि बाहीवर ही एवढी निळी चौकट! समोरचा वकील म्हणाला, "आपली बाजू ठिगळाची दिसतेय." सगळं कोर्ट हसलं. तुमच्या त्या मधात काळा आणि गडद निळा सख्खे भाऊ दिसतात हो — पण मला तेव्हा कुठे कळलं? वकीलसाहेब आले, चिडलेसुद्धा नाहीत. चिडले असते तर मीही दोन शब्द ऐकवले असते. म्हणाले, "ताई, खूप केलंत. आता डोळ्यांना विश्रांती द्या." थोबाडीत बसल्यासारखं झालं.

मग काय, घरात आयतंच निमित्त मिळालं. धाकटा म्हणाला, "ताई, वय झालं, मान्य कर." भावजयीनं तर माझी पेटी ठेवायला माळाही रिकामा केला — केवढी ती तत्परता! आणि मी मान्य केलं. मी! तीन महिने हातावर हात ठेवून बसले, हे बघा, इथे, भिंतीकडे तोंड करून.

शेवटी म्हटलं, धागे तरी कुणाच्या कामी येऊ देत. शिवणवर्गाच्या बाईंना बोलावलं. भर दुपारी गॅलरीत पेटी उघडली — आणि काळी रिळं वेगळी, निळी वेगळी, लख्ख! एकेकावर बोट ठेवत गेले, एकही चुकले नाही. डोळे शाबूत होते हो माझे! बाईंना रिकाम्या हातानं परत पाठवलं, शिव्या घालत गेल्या असतील. मी तशीच दुकानात गेले, दिवसाच्या उजेडासारखा बल्ब दे म्हटलं, आणि स्टुलावर चढून स्वतः लावला. वकीलसाहेबांकडेही गेले — कोट द्या, फुकट करून देते. त्यांनी नवा शिवून घेतला होता. चहा पाजला, डोळ्यांची चौकशी केली. पण पुन्हा काम घेऊन आले नाहीत. बाकीचे येतात एकेक करून, पण कापड देताना आधी माझ्या चष्म्याकडे बघतात.

काय म्हणालात? मीच पसंत केला होता? — तीन दिवे लावून दाखवलेत, त्यात पांढराही होता... हो, होता. दिसला होता मला. पण तुम्ही तो मधाचा लावलात ना, तेव्हा मी समोर आरशात बघितलं — हे गालावरचे डाग नव्हते. गळ्याच्या सुरकुत्या नव्हत्या. चाळिशीतली बाई बसली होती तिथे, चांगली होती दिसायला. दिवा निवडताना त्याखाली धागे काढून जुळवून बघायचे, एवढं साधं काम, शिकाऊ पोरीलाही कळतं — आणि मी आपली मान वळवून वळवून —

उठा. कॅमेरा घ्या तुमचा. आणि भावजयीला यातलं एक अक्षर सांगू नका. घरात सगळ्यांना मी तुमचीच चूक म्हणून सांगितलंय, ती तुमचीच राहू दे. दार ओढून घ्या.