ट्रॅक्टरवरचा नवस

शेगावला पायी निघालेले रामराव आणि त्यांची लेक अपेक्षा कुरणखेडच्या बसथांब्यावर बसले होते. लेक घामाघूम, बाप मात्र ताजातवाना. शेजारी हरिहर गुरुजी अकोल्याच्या बसची वाट पाहत पेपर वाचत होते.

“बाबा, मी पाणी भराले गेली, तवर तुमी ट्रॅक्टरवर काहून बसले?”

“वळखीचा निघाला. बसा म्हने. नाई कसं म्हनू?”

“आईच्या गुडघ्यासाठी बडनेऱ्याहून पायी जायाचा नवस हाय आपला!”

“दोनच तं किलोमीटर. देव काय मोजून राहिला?”

“त्यानं आईचा एकच गुडघा बरा केला असता, तं चाललं असतं तुमाले?”

गुरुजींचं पान उलटायचं राहून गेलं.

“मंग आता काय करू?”

“मले काय विचारता? नवस तुमीच बोलले.”

“बरं बाई. जातो मांगं. बसलो तिथून पायी येतो. तू बस इथंच, तू तं चालूनच आली.”

“थांबा, मी बी येते.”

“तू काहून? पायाले फोड आले तुह्या.”

“आन् येताना दुसरं ट्रॅक्टर भेटलं तं?”