सुगराला न विचारलेला प्रश्न

मराठी मंडळाचे अध्यक्ष आदरणीय शत्रुघ्नराव खानविलकर, व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेले रविकांतजी आणि लीनावहिनी, मंडळाचे पदाधिकारी, आणि कामावरून घरीसुद्धा न जाता थेट या सभागृहात आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आज आपण माझ्याविषयी इतके गोड बोललात, की नाशिकला परतल्यावर शेजाऱ्यांना ऐकवायला याचे रेकॉर्डिंग मागून घ्यावे म्हणते.

शत्रुघ्नराव म्हणाले, प्रणिताताईंनी या आखाती देशातल्या विद्यापीठात एकोणीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि अकरा विद्यार्थी पीएच.डी.च्या वाटेला लावले. आकडा खरा आहे. पण माझ्या वर्गात दरवर्षी सुदानची, सोमालियाची कृष्णवर्णीय मुलेही असत. या अकरांत त्यांच्यातली किती? एकही नाही. असे का, हे कुणी मला विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नाही. मनात एक उत्तर तयार असे: त्यांना लवकर नोकरी हवी असते, संशोधनाची आवड नसते. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मला ते पटतही होते.

त्यांच्यातल्या एका मुलीविषयी सांगते. समारंभाला शोभेल की नाही, ठाऊक नाही.

सुगरा सुदानची. वडील अब्बास इथल्या जहरा भागात शाळेची बस चालवत. रविकांतजी-लीनावहिनींची मुलगी मुक्ता आणि ती एकाच वर्गात होत्या. तिसऱ्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांचे आकडे जुळेनात. आम्ही सगळ्यांनी यंत्राला दोष दिला. सुगरा मात्र तीन आठवडे रोज थांबून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करत राहिली आणि एके दिवशी म्हणाली, "मॅडम, यंत्र बरोबर आहे. आपण ज्याला शुद्ध समजतो ते पाणीच शुद्ध नाही." तपासून पाहिले. तिचे खरे निघाले. मी कौतुकाने म्हणाले, "सुगरा, फार मेहनती आहेस हं तू."

त्याच महिन्यात मुक्ताने वर्गात एक छान शंका विचारली. तिला मी म्हणाले, "मुक्ता, तुझे डोके संशोधकाचे आहे. पीएच.डी. करायची बरं का." लीनावहिनी, मुक्ता हुशारच आहे, तिच्या यशातला एक कणही मला कमी करायचा नाही. पण तिचे अर्ज आमच्या जेवणाच्या टेबलावर भरले गेले. कुठल्या प्राध्यापकाला लिहायचे, काय लिहायचे, हे तिने तुमच्या-माझ्या गप्पांत ऐकले. सुगराच्या घरी हे कोण बोलणार होते?

एका संक्रांतीला मुक्ता तिला इथे, याच सभागृहात घेऊन आली होती. आपण सगळ्या हौसेने काळ्या साड्या नेसून आलो होतो. आपल्यातल्या एकीने मला मराठीत विचारले, "ही कुणाकडे कामाला आहे?" सुगराने विचारले, "त्या काय म्हणाल्या?" मी सांगितले, "तू काय शिकतेस ते विचारतायत." मग तिने त्या बाईंना हसतमुखाने आपला सगळा अभ्यासक्रम समजावून सांगितला. मी शेजारी उभी राहून ऐकत होते.

मुक्ता अमेरिकेला गेली. सुगराला मी इथल्याच सुलैबिया भागातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी लावून दिली आणि आपण केवढे भले केले म्हणून समाधानाने निजले.

दोन महिन्यांपूर्वी जायची आवराआवर करताना कॉम्प्युटरवर दोघींसाठी लिहिलेली शिफारसपत्रे सापडली. मुक्ताच्या पत्रात मी लिहिले होते, स्वतंत्र विचार करणारी, प्रश्नाच्या मुळाशी जाणारी. सुगराच्या पत्रात लिहिले होते, कष्टाळू, नम्र, वेळेवर येणारी. खाली सही माझीच.

दुसऱ्या दिवशी सुलैबियाला गेले. सुगरा पांढऱ्या कोटात बाहेर आली, मला बसवून चहा मागवला. मी सरळच विचारले, "तुला पीएच.डी. करायची होती का?"

ती म्हणाली, "मुक्ताचा अर्ज तुम्ही प्रयोगशाळेत तपासत होतात ना मॅडम, तेव्हा मी तिथेच काचेची भांडी धूत होते."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही माझ्याशी फार चांगलं वागायचात. मला वाटलं, माझ्यात तेवढं असतं तर तुम्हीच विचारलं असतं."

मंडळी, तिच्या आवाजात राग असता तर मला सोपे गेले असते.

मी म्हणाले, नवे पत्र लिहिते, अर्ज भरायला मदत करते, अजून उशीर झालेला नाही. तिने शांतपणे सांगितले, की वडिलांची दृष्टी गेल्यामुळे बस चालवणे सुटले आहे. आई घरीच असते, दोन भाऊ शाळेत आहेत. खार्तूमचे घर लढाईत गेले, परतायला जागा नाही. "तेव्हा मी एकटी निघू शकले असते," ती म्हणाली. "आता माझ्या मागे चार माणसं आहेत." मी उठले तेव्हा दारापर्यंत आली. "पत्र मात्र लिहा. पाठवायचं की नाही, ते मी ठरवीन."

मी लिहिले. या वेळी जे पाहिले होते तेच लिहिले. तिचे एका शब्दाचे उत्तर आले: "मिळालं." त्यानंतर काही नाही, आणि मी विचारलेले नाही. विचारायचा हक्क माझा उरला आहे का, हेच मला कळत नाही.

आपल्यापैकी कितीतरी जण इथे साहेब आहेत, शिक्षक आहेत, माणसे नेमतात. तुम्हाला उपदेश करण्याइतकी मी स्वच्छ नाही. एवढेच सांगते, की मी कुणाच्याही तोंडावर दार लावले नव्हते. फक्त काहींनाच आत या म्हटले.

आपण दिलेल्या प्रेमाबद्दल, या शालीबद्दल, एकोणीस वर्षांच्या सोबतीबद्दल मी मनापासून ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी जड बोलले, कुणाचे मन दुखावले असेल, तर तेवढ्यापुरते मला क्षमा करा. बाकीची क्षमा तुमच्या हातात नाही, म्हणून ती मागत नाही.

नमस्कार.