आठवा अर्ज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव, व्यासपीठावरचे मुख्याध्यापक, माझ्याबरोबर खडूची धूळ खाल्लेले सहकारी, कार्यालयातली मंडळी, आवर्जून आलेले माजी विद्यार्थी आणि आवर्जून बसवलेले आजी विद्यार्थी,

मुख्याध्यापकांनी माझ्याबद्दल इतकं चांगलं सांगितलं, की निवृत्त होणारी बाई नक्की कोण हे बघायला मी एकदा मागे वळून पाहिलं. त्यांचे आभार. पुष्पगुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलंत, त्याबद्दलही आभार. एकतीस वर्षं शाळेच्या घंटेवर जगले, आता घड्याळ लागेलच. इतिहासाच्या तासाला ज्यांना झोप यायची त्यांनी आजही निवांत झोपावं. मी तेव्हाही उठवत नव्हते.

फक्त एक गोष्ट जागेपणी ऐका. मुख्याध्यापकांनी आत्ता ती आठव्या अर्जाची हकीगत सांगितली. स्मरणिकेच्या नवव्या पानावर ती छापलीही आहे. बावीस वर्षांपूर्वी नियम आला, की शेवटच्या दोन वर्षांसाठी ज्या विषयाला आठ विद्यार्थी मिळणार नाहीत, तो विषय बंद. इतिहासाला मिळाले सात. शेवटच्या दिवशी, पाचला पाच कमी असताना, एक मुलगी धावत आली, अर्ज पुढे केला आणि म्हणाली, "बाई, मला इतिहासच हवा." विषय वाचला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. यंदापासून 'आठवा अर्ज' नावाचं बक्षीस सुरू करणार असल्याचं सचिवांनी जाहीर केलं, तेव्हा आणखी वाजवल्यात.

ही हकीगत खोटी आहे. ती मी रचली.

सचिवसाहेब, बसा. मी बरी आहे, आणि रक्तदाबाची गोळी सकाळीच घेतली आहे.

ती मुलगी धावत आली नव्हती. ती याच सभागृहात होती, स्टुलावर चढून भिंतीवरचा स्पीकर उघडून बसली होती. वडिलांचं ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचं दुकान, आणि हिचा हात त्यांच्यापेक्षा हलका. दप्तरात डब्याशेजारी पक्कड असायची. तिला तंत्रशाळेत जायचं होतं. इतिहास किंवा गणित, एकच घेता यायचं; तिने अर्जात स्वच्छ अक्षरात गणित लिहिलं होतं, आणि वर्गशिक्षिका म्हणून तो अर्ज माझ्याकडेच दिला होता.

तो अर्ज घेऊन मी इथे आले. तिला म्हणाले, "दोन वर्षं इतिहास घे. तंत्रशाळेत गणित मागत नाहीत, मी चौकशी केली आहे."

मी चौकशी केली नव्हती. तंत्रशाळेचा रस्तासुद्धा मला माहीत नव्हता.

ती म्हणाली, "नक्की ना, बाई?"

"मी सांगते ना."

"तुम्ही म्हणताय तर मग झालं." ती स्टुलावरून उतरली. गणित मी माझ्या पेनाने खोडलं, वर इतिहास मी लिहिलं, आणि तिने खाली सही केली. हाताला ग्रीस होतं म्हणून आधी तिने बोटं ओढणीला पुसली.

का केलं असं? नोकरी जाईल ही भीती होती, ते तर उघडच आहे. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. माझा विषय बंद होईल आणि कुणाचंच काही अडणार नाही, ही. ते मला बघायचं नव्हतं. त्यासाठी मी एका सोळा वर्षांच्या मुलीची दोन वर्षं घेतली. दोनच कुठली, पुढची सगळी घेतली.

इतिहास वाईट विषय आहे असं माझं म्हणणं नाही हो. उरलेल्या सातांनी तो आवडीने घेतला, त्यातले तिघे आज समोर बसलेत आणि सुखात दिसताहेत. पण तो ज्याचा त्याने घ्यायचा असतो.

ती हुशारच होती. मागच्या बाकावर खिडकीशी बसायची. एकदा मी जुनी कागदपत्रं कशी वाचायची ते शिकवत होते, तर हिने हात वर केला. "बाई, ज्याने कागद लिहिला, त्याचंच खरं धरायचं का?"

मी म्हणाले, "दुसरा कागद मिळेपर्यंत."

"आणि नाहीच मिळाला तर?"

घंटा झाली आणि मी सुटले. तेव्हा सुटले. नंतर त्या वर्गात बाक बदलले, रंग बदलला, पोरं तर दरवर्षी बदलली. पण जुनी कागदपत्रं शिकवायचा दिवस आला, की खिडकीशी कुणीतरी हात वर केलाय असं मला दिसायचं. मी त्या बाजूला पाठ करून फळ्यावर लिहीत राहायचे. मुलं म्हणायची, आज बाई फारच लिहून देताहेत.

दोन वर्षांनी ती तंत्रशाळेच्या प्रवेशाच्या खिडकीवरून परत आली. "बाई, तिथे गणित मागतात." मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "नियम बदलला असेल." ती म्हणाली, "असेल. हरकत नाही, बाई."

एवढंच. एक शब्द उणा नाही की अधिक नाही. भांडली असती तर मी कधीच मोकळी झाले असते.

धावत आल्याची गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली, कुणी विचारलं म्हणून. तिथून ती तेव्हाच्या मुख्याध्यापकांकडे गेली, मग स्नेहसंमेलनात. दर वर्षी तिच्यात भर पडली. कुणी त्या मुलीच्या पायातली चप्पल काढून घेतली, कुणी तिला ताप आणला. मी शेजारी बसून मान डोलवत राहिले. पुरावा काय, असं उभ्या वर्गाला विचारणारी मी. आणि त्या प्रत्येक कार्यक्रमात...

ऐकू येतंय का मागे? माइक गेला वाटतं. पंखे तर फिरताहेत, म्हणजे वीज आहे.

अगं, तू बंद केलास ना? चालू कर. अजून मलाच सांभाळून घेतेस होय? चालू कर, बाळ.

हं. आला आवाज.

तर, त्या प्रत्येक कार्यक्रमात ती इथेच होती. वडिलांमागे दुकान तीच चालवते. त्या मागच्या टेबलाशी, यंत्रापाशी उभी आहे, तीच ती. मागे वळून बघू नका सगळे, तिला अवघडल्यासारखं होईल. बावीस वर्षं माझी खोटी गोष्ट तिच्याच माइकवरून सांगितली गेली, आणि तिने आवाज नीट लावून दिला. मी बोलायला उठायच्या आधी माइक माझ्या उंचीला आणलेला असतो. आजही होता. घरी एकटी असले तरी मला तिचं ते "बाई, जरा जवळून बोला" ऐकू येतं.

गेल्या आठवड्यात कपाट रिकामं करताना हा अर्ज सापडला. हा बघा. गणित खोडलेलं आहे, वरचं अक्षर माझं आहे, आणि कोपऱ्यात ग्रीसचा डाग. दुसरा कागद मिळाला. दोन दिवस तो मी पर्समध्ये घेऊन फिरले. फाडून टाकावा असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. इतिहासाची बाई, आणि कागद फाडायला निघाले होते.

म्हणून विनंती अशी. सचिवसाहेब, बक्षीस जरूर द्या, पण ते नाव काढा. मुलांनो, पेनं काढा आणि नववं पान उघडा. ती हकीगत खोडा आणि बाजूला लिहा, बाईंनी खोटं सांगितलं. शुद्धलेखन मी तपासणार नाही.

आता आभार. संस्थेने मला सांभाळलं, सहकाऱ्यांनी माझी चिडचिड सोसली, शिपाईमामांनी एकतीस वर्षं वर्ग उघडून दिला. सगळ्यांची मी ऋणी आहे. आणि बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, हे आपण शेवटी म्हणतो. मी ते इतक्यांदा म्हटलंय की त्यात काही उरलेलं नाही.

सभागृहाने मला माफ करावं, हे झालंच. पण पोरी, तुला मी इथून विचारत नाही. तू लगेच हरकत नाही म्हणशील. या वेळी घाई करू नकोस. हरकत असेल तर आहे म्हण, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण. मी हा अर्ज आणि हा माइक घेऊन तुझ्याकडे येते. वायर तिथपर्यंत पुरेल ना?