सोलरवरची गोधडी

पिंपळगावजवळच्या एका खेड्यात गोवराची साथ आली, तेव्हा एका सोलर कंपनीनं आरोग्य उपकेंद्राच्या आवारात फुकटात पॅनेल उभी केली आणि लशीचा फ्रीज त्यावर जोडून दिला. आज केरूबाबा नातीला कडेवर घेऊन लशीच्या रांगेत उभे होते. पुढं लेकरं घेतलेल्या दोघी बोलत होत्या.

"परवाबी तुझा हेलपाटाच झाला ना गं?"

"हो ना. फ्रीज बंद, लस खराब. आमच्या गल्लीत तीन पोरं तापानं फणफणलीत, अन् माझं अजून लशीवाचून."

"बंद कशानं पडला?"

"कोण्या शहाण्यानं दोन दिवस पॅनेलवर ओली गोधडी वाळत घातली!"

"अगं बया! तिथं एवढी मोठी पाटी हाय की, 'पॅनेलवर काही ठेवू नये'."

"अडाणी असंल बिचारा. त्याला कुठं वाचता येतंय?"

'शहाण्या' केरूबाबांनी कानाआड केलं होतं. पण साठीत साक्षरता वर्गाला जाऊन त्यांनी अक्षरं गिरवली होती. 'अडाणी' काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

"येतंय, पोरी. त्याला चांगलं वाचता येतंय."

"तुम्हाला काय ठाऊक, बाबा?"

"उद्घाटनाला ती पाटी मीच मोठ्यानं वाचून दाखवली. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या."

"मग गोधडी कशी घातली हो?"

"टाळ्या तेवढ्या ध्यानात राहिल्या."