आधी हसून घ्या

मला हसवता आला नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय, तुम्हाला सांगतो. म्हणजे... आलाय. एकच आलाय. पण तो नेमका माझ्याच घरात राहतो, माझंच अर्धं पांघरूण ओढून घेतो आणि मला ‘अहो’ म्हणतो. आमची ही.

तुम्ही म्हणाल, असतात काही माणसं गंभीर. अहो, गंभीर माणसं मी कोळून प्यालोय. शाळेत असताना आमच्या हेडमास्तरांची नक्कल करायचो, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हात पाठीमागे, ‘कोण आहे रे तो गाढव?’ आणि एके दिवशी मागून आवाज आला, ‘कोण आहे रे तो गाढव?’ वळून बघतो तर खुद्द हेडमास्तर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हात पाठीमागे. आता सांगा, कोण कुणाची नक्कल करत होतं? अख्खा वर्ग हसला, शिपाई हसला, शेवटी हेडमास्तरसुद्धा मिशीत हसले आणि मग त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून घेतलं. सातवीत मी शाळा सोडली असं मुलाखतीत सांगतो मी. खरं तर शाळेनंच मला सोडलं, आणि सोडताना हुश्श केलं.

तर ही. ही भेटली दवाखान्यात. माझ्या एका मित्राचा पाय मोडला होता, त्याला बघायला गेलो, शेजारची खाट रिकामी, मग मला राहवतंय होय? चढलो खाटेवर, चादर घेतली गळ्यापर्यंत आणि बाळंतिणीसारखा कण्हायला लागलो. पुरुषांच्या वॉर्डात! पलीकडच्या ज्या माणसाचं पोट शिवलेलं होतं तो हात जोडून म्हणतोय, ‘बाबा रे, थांब, टाके उसवतील माझे.’ आणि एवढ्यात ही आली. नर्स होती. हातात ट्रे. तोंडावर इस्त्री. म्हणाली, ‘पालथे व्हा.’ मी म्हटलं, सिस्टर, मी पेशंट नाही हो, गंमत करतोय. म्हणाली, ‘सगळे असंच म्हणतात.’ आणि टोचलं. कसलं इंजेक्शन होतं ते आजतागायत सांगितलेलं नाही. अख्खा वॉर्ड हसला. ही नाही हसली.

मी तिथेच, त्याच पालथ्या अवस्थेत ठरवलं, की या बाईला हसवल्याशिवाय मरायचं नाही, मग त्यासाठी लग्न करावं लागलं तरी बेहत्तर. आणि करावं लागलं की! बाकी लोक पैशासाठी या धंद्यात येतात, नावासाठी येतात. मी एका बाईच्या दोन ओठांमध्ये जरा फट पडावी म्हणून आलो.

सुरुवातीला माझं काम काय, तर गाण्याच्या कार्यक्रमात गाणारी बाई कोमट पाणी पिऊन येईपर्यंत माइक धरून उभं राहायचं. हळूहळू लोक ओरडायला लागले, ‘बाईंना अजून पाणी द्या.’ बाईंनी मला काढून टाकलं, बरोबरच आहे त्यांचं. मग कचेऱ्यांमधले निरोपसमारंभ. साहेब निवृत्त होतोय, बाया डोळे पुसतायत, आणि मी साहेबाच्या शिंकेची नक्कल करतोय. आणि मग आलं ते तळघर. एका हॉटेलच्या खाली, लाल दिवा, आणि आजकालची पोरं पाण्याची बाटली घेऊन येतात आणि मैत्रीण कशी सोडून गेली ते सांगतात. त्याला म्हणे स्टँड-अप म्हणतात. अहो, आम्ही जन्मभर उभ्यानंच केलं, पण ते खुर्ची मिळत नव्हती म्हणून!

हीसुद्धा यायची. पहिल्या रांगेत, निळा स्वेटर घालून, मांडीवर पर्स, परीक्षेला बसल्यासारखी. सगळे हसायचे, गडाबडा लोळायचे, ही नाही हसायची. घरी जाताना मी विचारायचो, ‘कसं झालं?’

‘ठीक. ते तिसऱ्या रांगेतले टकले गृहस्थ आहेत ना, त्यांना म्हणावं रक्तदाब तपासून घ्या.’

‘अगं, तो माझ्या विनोदानं लाल झाला होता.’

‘विनोदानं माणूस एकाच बाजूनं लाल होत नाही.’

तुम्हाला सांगतो, त्यानं तपासला आणि खरंच निघाला. फळांची करंडी आली घरी. कुणाच्या नावानं? हिच्या.

मग कुठे तरी कुणी तरी मला बघितलं आणि टीव्हीच्या निर्मातीण बाईंचा फोन आला. ‘सर, आम्हाला एक गोड आजोबा हवेत सूत्रसंचालनाला.’ म्हटलं, बाई, गोड कसला, मला साखर वर्ज्य आहे. ‘हाऊ क्यूट,’ म्हणाल्या, आणि झालं, ठरलं. कार्यक्रमाचं नाव ‘बसा आणि हसा’. लोक येणार, आपापल्या फजितीच्या गोष्टी सांगणार, आणि मध्ये मध्ये मी. मी आरशासमोर तयारी केली, तो इंजेक्शनचा किस्सा खास घोटून घोटून बसवला, मेकअपवाल्यानं माझ्या टकलाला पावडर फासली, आणि गेलो स्टुडिओत तर काय?

खुर्च्या. नुसत्या खुर्च्या. एका खुर्चीवर लाइटवाल्याचा डबा, बाकी सगळ्या रिकाम्या!

‘बाई, प्रेक्षक कुठायत?’

‘सर, ते हसून गेले.’

‘कशाला हसून गेले? मी तर आत्ता आलोय.’

‘सर, हसणं आपण सकाळीच उरकतो. सकाळी माणसं फ्रेश असतात ना. दुपारी जेवून आली की जांभया देतात, सगळं एडिटिंगमध्ये कापावं लागतं.’

म्हणजे बघा हं. सकाळी लोकांना बसमधून आणायचं, खुर्च्यांवर बसवायचं, आणि एक माणूस, मी त्याचं नाव टाळीमास्तर ठेवलंय, तो पुढे उभा राहून हातातल्या पाट्या दाखवणार. ‘गालातल्या गालात.’ ‘मोठ्यानं.’ ‘डोळे पुसत.’ लोक त्याप्रमाणे हसणार, कॅमेरा टिपणार, त्यांना चहा-बिस्किट देऊन घरी सोडणार. आणि दुपारी मी यायचं आणि आधीच झालेल्या हशासाठी विनोद करायचा. वरात आधी गेली, नवरा मागून चाललाय! मी तो इंजेक्शनचा किस्सा सांगितला, जीव तोडून सांगितला, पालथा होऊन दाखवला. समोर लाइटवाल्यानं डबा उघडला आणि झाकण परत लावलं. भाजी पसंत नसावी. आणि निर्मातीण बाई मला म्हणतात कशा, ‘सर, छान. हशा इथे टाकू.’

टाकू! हशा काय फोडणी आहे?

आता या सगळ्यात मला एक गोष्ट ठाऊकच नव्हती. माझ्या मेव्हण्याला टीव्हीवर दिसायची फार हौस. त्यानं परस्पर दोन पास मिळवले आणि सोबत म्हणून हिला घेऊन गेला. सकाळी, मी घरी दाढी करत असताना. हिनं मला सांगितलंसुद्धा नाही, विचारलं नंतर तर म्हणाली, ‘तुम्ही कुठे विचारलंत?’

कार्यक्रम लागला त्या दिवशी सगळे आमच्या बैठकीत बसले. मेव्हणा टीव्हीला नाक लावून. ही मटार सोलतेय. पडद्यावर मी इंजेक्शनचा किस्सा सांगतोय, टोचलं, असं म्हणालो, आणि पडद्यावर... ही. आमची ही! निळा स्वेटर. मान मागे टाकून हसतेय. शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर हात मारतेय, डोळ्यांतून पाणी, दम घेतेय आणि परत हसतेय. माझ्या हातून चहाचा कप सुटला. तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं संसार केला, पण हिचा डावीकडचा एक दात जरा आत आहे हे मला माहीत नव्हतं. दिसणार कधी? माझ्याआधी तो दात सगळ्या दुनियेनं बघितला.

वळून बघितलं. ही मटार सोलत होती.

आणि मग सुरू झाली माझी साडेसाती. ते हसणं निर्मातीण बाईंना इतकं आवडलं, की प्रत्येक भागात तेच. भर उन्हाळ्यातल्या भागात निळा स्वेटर! कुणाचा कुत्रा विहिरीत पडला, ही हसली. कुणाची सासू जिन्यात अडकली, ही हसली. रस्त्यात लोक हिला ओळखायला लागले. भाजीवाला म्हणतो, ‘काकू, एकदा हसा ना तसं.’ ही म्हणते, ‘मटार किडके आहेत.’ मग माझ्याकडे बघून विचारतो, ‘हे कोण?’ मी कोण? मी पिशवी धरणारा.

पण ते जाऊ द्या. मला एकच किडा डोक्यात. ही हसली कशाला? माझ्या किश्शाला नाही, मी तर दुपारी आलो. मग सकाळी तिथे असं झालं काय? मेव्हण्याला विचारलं, तर तो म्हणे कॅमेरा आपल्यावर आहे का तेवढंच बघत होता. टाळीमास्तराला गाठलं, अगदी बाजूला घेऊन, म्हटलं, खरं सांग, कुठला विनोद सांगितलास माझ्या बायकोला? तो बिचारा घाबरला. ‘सर, मला विनोद येत नाहीत हो. मी रोजचंच बोललो. पाटी धरली, रोजचंच बोललो.’

मग म्हटलं, कुणी तरी पडलं असेल. पडण्यावर नर्स हसेल? पण करून बघायला काय जातंय, म्हणून घरात मुद्दाम मटारवरून घसरून दाखवायला गेलो आणि खराच घसरलो. ही आली. ‘बोटं हलवा.’ हलवली. ‘गुडघा वाकवा.’ वाकवला. ‘मग उठा आता, आणि मटार गोळा करा.’ मेव्हणा हसून हसून सोफ्यावरून पडला. ही नाही हसली.

शेवटी लाज सोडली. तिथेच फरशीवर बसून, एकेक मटार उचलत विचारलं. म्हटलं, बाई गं, तुला हसवायचं म्हणून जन्मभर माकडासारखा नाचलो. हसलीस ती नेमकी मी नसताना. निदान कशाला हसलीस तेवढं सांग, म्हणजे मी मरायला मोकळा.

हिनं वाटी पुढे केली, मी मटार टाकले. जरा विचार केला हिनं. आणि तुम्हाला सांगतो, ओठांच्या कडेला, डावीकडे, तो दात अगदी दिसेल न दिसेल असा...

‘काही नाही हो. तो पाटीवाला म्हणाला, आता असं समजा, की सूत्रसंचालक काही तरी फार विनोदी बोललेत. आणि मी खरंच तसं समजून बघितलं.’