शैलानं चढवलेलं कव्हर

१९९८ साली बोईसरच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात, प्रगतीच्या प्रतीक्षेत ताटकळणाऱ्या आमच्या रांगेत, भगवंत आणि सोजराबाई हे दांपत्य माझ्यापुढे होते.

दुरुस्तीवाला सोजराबाईंना म्हणाला, “काकू, पॉवर सप्लाय जुना झालाय. तापला की मशीन बंद पडतं. त्यात हे विणलेलं कव्हर चालू असतानाही ठेवता?”

“आमच्या लेकीनं, शैलानं मस्कतला जाताना चढवलंय. आल्यावर तीच काढंल.”

“मागचा पंखा गुदमरतोय.”

भगवंत बायकोला म्हणाले, “अगं, तिनं ह्यात भरलेलं गाणं पुरं व्हायच्या आत बंद पडतंय. ती येईस्तोवर अर्धंच ऐकायचं?”

“जाताना तिनं पुरं ऐकवलं होतं.”

“तवा कव्हर कुठं होतं?”

“काढू का, काकू?”

“थांबा. मी बाहेर उभी राहते, मग काढा.”